कॅप्टन हॅरींची ‘बॅटरी डी’: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं लहानपण देवळालीजवळ गेलं. तोफखान्याचं फायरिंग सुरू झालं की घराच्या खिडक्यांच्या काचा थरथरायच्या आणि आई फळीवरचे डबे आत सरकवून ठेवायची. पुढे लेक अमेरिकेत कॅन्सस सिटीला गेली. तिच्याकडच्या मुक्कामात त्या शहरातल्या एका राखीव तोफखान्याची गोष्ट हाताला लागली आणि तेव्हापासून मी तिच्यातून बाहेर आलेलो नाही. घरचे, मित्र, जुने फौजी शेजारी सगळे साधारण तेच ते प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

ही बॅटरी नेमकी कोणती?

पहिल्या महायुद्धातल्या अमेरिकी सैन्याच्या ३५ व्या डिव्हिजनमधली १२९ वी फील्ड आर्टिलरी रेजिमेंट, आणि त्या रेजिमेंटमधली ‘डी’ बॅटरी. रेजिमेंट मिसूरी राज्याच्या नॅशनल गार्डची, म्हणजे राखीव सैन्याची होती. १९१८ च्या जुलैपासून युद्ध संपेपर्यंत या बॅटरीचे कॅप्टन होते हॅरी ट्रुमन. पुढे १९४५ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले तेच हे ट्रुमन. बॅटरीतली माणसं मात्र त्यांना शेवटपर्यंत ‘कॅप्टन हॅरी’च म्हणत राहिली.

तोफखान्यात ‘बॅटरी’ कशाला म्हणतात?

एका कॅप्टनच्या हुकमाखाली एकत्र काम करणाऱ्या तोफांच्या गटाला. बॅटरी डीकडे चार तोफा होत्या आणि माणसं सुमारे १९०. चार तोफांना एवढी माणसं कशाला, असं लगेच विचारलं जातं. तोफ डागणारे त्यातले थोडेच. बाकी कोणी घोडे सांभाळायचं, कोणी दारूगोळ्याच्या गाड्या हाकायचं, कोणी टेलिफोनच्या तारा टाकायचं, कोणी पुढे जाऊन दुर्बिणीतून गोळा कुठे पडला ते सांगायचं. नालबंद आणि आचारी वेगळेच. ‘गोलंदाज’ हा शब्द आपण आता क्रिकेटला देऊन टाकलाय, पण तो मूळचा तोफेवरच्या माणसाचा. या लेखात तो त्याच अर्थाने येईल.

नॅशनल गार्ड म्हणजे आपली टेरिटोरियल आर्मीच ना?

भावकी आहे, पण दोन्ही एक नाहीत. आपली टेरिटोरियल आर्मी ९ ऑक्टोबर १९४९ ला चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते औपचारिकपणे सुरू झाली आणि ती केंद्राच्याच ताब्यात असते. नॅशनल गार्ड मात्र आपला जन्म १६३६ मधल्या मॅसॅच्युसेट्सच्या मिलिशियापर्यंत मागे नेतं. त्याला दोन धनी असतात: एरवी राज्याचा गव्हर्नर आणि देशाला गरज पडली की राष्ट्राध्यक्ष. पूर आला, दंगल झाली तर गव्हर्नर बोलावतो; युद्ध लागलं तर तीच माणसं देशाच्या फौजेत जातात.

आपल्याकडेही टेरिटोरियल आर्मीत सुरुवातीला हवाई संरक्षणाच्या तोफा होत्या, पण १९७२ पर्यंत अशी बहुतेक युनिट्स मोडली किंवा नियमित सैन्यात घेतली गेली. उरल्या मुख्यतः पायदळाच्या बटालियन. त्यामुळे राखीव तोफखाना ही गोष्ट आपल्याला सहसा दिसत नाही, आणि म्हणून हे नीट समजून घ्यावं लागतं की आठवडाभर बँकेत खातेवह्या लिहिणारा किंवा दुकानात कापड मोजणारा माणूस तोफ चालवायला कसा शिकतो.

मग कसा शिकतो?

कॅन्सस सिटीत १९०५ मध्ये ‘बॅटरी बी’ उभी राहिली तेव्हा २१ वर्षांचे ट्रुमन बँकेत कारकून होते. १४ जून १९०५ ला त्यांनी नाव नोंदवलं. आठवड्यातून एकदा कवायत असायची आणि त्यासाठी प्रत्येकाने २५ सेंट द्यायचे. सैनिकाला पगार मिळतो हे आपल्याला माहीत. इथे पोरं पदरचे पैसे घालून कवायत करत होती. नोकरी सांभाळून, आठवड्याच्या एका संध्याकाळी. उन्हाळ्यात थोड्या दिवसांचं शिबिर.

या दिवसांतला एक प्रसंग मला फार लागतो. निळा नवाकोरा गणवेश घालून ट्रुमन आपल्या आजीला भेटायला शेतावरच्या घरी गेले. आजीने अमेरिकेतलं उत्तर-दक्षिण यादवी युद्ध भोगलेलं. १८६३ मध्ये उत्तरेच्या फौजेने ‘ऑर्डर नंबर ११’ काढून जॅक्सन आणि आजूबाजूच्या काउंट्यांमधली गावंच्या गावं रिकामी केली होती, लोकांना घरादारावर पाणी सोडून निघावं लागलं होतं. निळा गणवेश म्हणजे तेच घर जाळणारे सैनिक. नातवाला पाहून आजीला कौतुक वाटलं नाही. हा पोशाख घालून पुन्हा या घरात यायचं नाही, असं तिने सांगितलं आणि नातवाने ते पाळलं. चाळीस वर्षं उलटली होती तरी कापडाचा तो रंग तिला सोसत नव्हता.

डोळ्यांचा तक्ता पाठ केला, ही दंतकथा आहे का?

त्यांची नजर लहानपणापासून फार कमजोर होती, डावा डोळा तर जवळजवळ निकामी, आणि चश्म्याशिवाय तपासणी पास होण्यासारखी ती नव्हतीच. डोळ्यांच्या तक्त्यावरची अक्षरं पाठ करून ते भरती झाले, असं त्यांच्याबद्दल कायम सांगितलं गेलं आहे. लष्करी शिस्तीच्या दृष्टीने ही लबाडीच, पण या लबाडीत स्वतःचा फायदा काहीच नव्हता, धोका मात्र पुरेपूर होता.

१९१७ मध्ये ते पुन्हा भरती का झाले? सक्ती होती का?

नव्हती. १९११ मध्ये मुदत संपल्यावर ते गार्डमधून बाहेर पडले होते आणि शेती करत होते. युद्ध लागलं तेव्हा वय ३३. सक्तीच्या भरतीची पहिली नोंदणी २१ ते ३० वयाच्या पुरुषांची होती. नजर कमजोर, शेत अंगावर, घरात आई आणि बहीण. कोणी बोट दाखवलं नसतं. तरी ते गेले, आणि रेजिमेंट वाढवायची म्हणून इतरांनाही गोळा करू लागले.

तेव्हाच्या गार्डमध्ये सैनिक आपले अधिकारी मत देऊन निवडत. ट्रुमनना सार्जंट व्हायची आशा होती. पोरांनी त्यांना बॅटरी एफचे फर्स्ट लेफ्टनंट केलं. ५ ऑगस्ट १९१७ ला रेजिमेंट देशाच्या सैन्यात दाखल झाली आणि तिचं नाव १२९ वी फील्ड आर्टिलरी पडलं. मिसूरी आणि शेजारच्या कॅन्ससची गार्ड युनिट्स मिळून ३५ वी डिव्हिजन बनली.

कॅन्टीनची गोष्ट काय आहे?

ओक्लाहोमामध्ये फोर्ट सिलजवळ कॅम्प डॉनिफन नावाची छावणी होती. धूळ, वारा, तंबू. तिथे प्रत्येक रेजिमेंटचं एक दुकान असायचं: सिगारेट, साबण, कागद, शाई, खाऊ. १२९ व्या रेजिमेंटचं दुकान ट्रुमनकडे आलं. त्यांनी जोडीला घेतलं एडी जेकबसन या ज्यू तरुणाला, कारण त्याला कपड्यांच्या दुकानदारीचा अनुभव होता. भांडवलासाठी प्रत्येक माणसाकडून दोन डॉलर घेतले. छावणीतली इतर कॅन्टीन्स तोट्यात असताना हे दुकान असं चाललं की पोरांचे दोन डॉलर तर परत मिळालेच, वर नफाही वाटला गेला. जेकबसन हे नाव लक्षात ठेवा, ते पुढे पुन्हा येणार आहे.

बॅटरी डीची पोरं वांड होती म्हणतात, ते खरं का?

होय. बहुतेक जण कॅन्सस सिटीतले आयरिश कॅथलिक, बरेचसे एकाच शाळेत शिकलेले, एकमेकांच्या गल्लीतले. कोणाचा भाऊ कोणाचा दोस्त, कोणाची बहीण कोणाला दिलेली. अशी टोळी वरून आलेल्या कॅप्टनला जुमानत नाही. आधीच्या कॅप्टनांच्या नाकी नऊ आले होते.

११ जुलै १९१८ ला फ्रान्समध्ये ब्रिटनीतल्या कोएत्किदाँच्या छावणीत ट्रुमननी बॅटरीची सूत्रं घेतली. चश्मेवाला, बॅप्टिस्ट, शेतकरी, मास्तरासारखा दिसणारा. पहिल्या हजेरीला ते एक शब्दही न बोलता पोरांकडे नुसते पाहत राहिले आणि ‘विसर्जन’ म्हणाले. पोरांनी त्यांच्या पाठीमागे टर उडवली. त्या रात्री बराकीत हाणामारीही झाली. सकाळी फलकावर यादी लागलेली: दंगा आवरता न आलेल्या कॉर्पोरल-सार्जंटांच्या पट्ट्या उतरवलेल्या. मग उरलेल्यांना बोलावून ट्रुमननी सांगितलं की तुमच्याशी जुळवून घ्यायला मी आलेलो नाही, तुम्हाला माझ्याशी जुळवून घ्यावं लागेल. शिस्त राखणं तुमचं काम, ज्याला जमणार नाही त्याने आत्ताच सांगावं.

माझ्या मते राखीव युनिटचं सगळं मर्म या प्रसंगात आहे. एकाच मोहल्ल्यातली माणसं एकत्र आणली की जीव लावतात, एकमेकांना सोडत नाहीत. पण तीच माणसं एकमेकांच्या चुकांवर पांघरूणही घालतात. कॅप्टनने एकाला बोल लावला की दहा जणांची तोंडं फिरतात. ट्रुमननी ती एकी मोडली नाही. शिस्त मोडली तर लाज सगळ्यांची, एवढं त्यांनी त्या एकीला शिकवलं. शिवाय त्यांनी जेवण सुधारलं, पत्रं वेळेवर मिळतील असं पाहिलं. पोटाची काळजी घेणाऱ्या साहेबाचा हुकूम माणूस जरा मनापासून ऐकतो, हे आमच्या देवळालीतही कोणीही सांगेल.

त्यांच्याकडे तोफा कोणत्या होत्या?

फ्रेंच ७५ मिलिमीटर, १८९७ चं मॉडेल. अमेरिकेकडे स्वतःच्या पुरेशा तोफा नव्हत्या, म्हणून अमेरिकी तोफखाना मुख्यतः फ्रेंच तोफांवर लढला.

या तोफेचं वैशिष्ट्य एका वाक्यात सांगायचं तर ती जागची हलत नसे. जुन्या तोफा डागल्या की धक्क्याने पूर्ण गाडाच मागे सरायचा. तो ढकलून पुन्हा जागेवर आणायचा, पुन्हा नेम धरायचा, मग दुसरा गोळा. ७५ मध्ये नळी तेवढी मागे सरके. तेल आणि दाबलेली हवा भरलेल्या सिलिंडरमध्ये तो धक्का जिरे आणि नळी पुन्हा पुढे येई. चाकं तिथेच, नेम तोच. त्यामुळे सराईत गोलंदाज मिनिटाला १५ पर्यंत गोळे टाकू शकत. उणीव एकच पण मोठी: गोळा सपाट जाई, त्यामुळे उभ्या डोंगराआड दडलेल्याला तो गाठता येत नसे.

ओढायला घोडे, तोफेला सहा. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरते.

‘कोण पळालं?’ची लढाई म्हणजे काय?

पोरांनीच ठेवलेलं नाव. जागा व्होज पर्वत, तारीख २९ ऑगस्ट १९१८, बॅटरीची पहिली चकमक. हुकूम होता जर्मनांवर विषारी वायूचे गोळे टाकून लगेच जागा सोडायची. सुमारे ५०० गोळे टाकले. मग घोडे यायला हवे होते, ते आले अर्ध्या तासाने. तोवर जर्मनांनी जागा हेरली होती.

अंधार, पाऊस, चिखल. पहिला गोळा पलीकडे पडला, दुसरा अलीकडे. तोफखान्यातल्या माणसाला याचा अर्थ कळतो: तिसरा डोक्यावर. ट्रुमनचा घोडा खड्ड्यात कोसळला आणि ते त्याच्याखाली अडकले. त्यांना ओढून बाहेर काढावं लागलं. दोन तोफा चिखलात रुतलेल्या. एवढ्यात फर्स्ट सार्जंट ओरडला, पळा! आणि पळता भुई थोडी झाली.

ट्रुमन जागचे हलले नाहीत. तिथेच उभे राहून त्यांनी अशा शिव्या हासडल्या की पोरं अवाक झाली. त्यांतल्या कित्येक आयरिश गल्लीतल्या पोरांनीही ऐकल्या नसाव्यात. पळणारे परत आले. कोणी मेलं नाही. रुतलेल्या तोफा नंतर काढून आणल्या. ओरडणाऱ्या सार्जंटला कोर्टमार्शल न करता साधा शिपाई करून दुसरीकडे पाठवलं. पळालेल्या बाकीच्यांना शिक्षा नाही. पहिल्यांदा अंगावर गोळे येताना माणसाची गाळण उडते हे कॅप्टनला माहीत होतं, कारण त्या रात्री तेही पहिल्यांदाच गोळ्यांखाली उभे होते. पोरांनी त्या दिवसापासून त्यांना आपला मानलं.

म्यूज-आर्गॉनमध्ये बॅटरीने काय केलं?

हा या इतिहासाचा गाभा. २६ सप्टेंबर १९१८ ला फ्रान्समधल्या म्यूज नदी आणि आर्गॉन जंगलाच्या पट्ट्यात अमेरिकी सैन्याची सर्वांत मोठी मोहीम सुरू होणार होती. त्यासाठी रेजिमेंट कित्येक रात्री पावसात चालत होती. दिवसा जंगलात लपायचं, रात्री चालायचं, दिवा लावायचा नाही. घोडे वाटेत कोसळून मरत होते. माणसांना चालता चालता झोप लागे. याच वाटचालीतली एक गोष्ट सांगितली जाते: पाय मुरगळलेल्या एका सैनिकाला ट्रुमननी आपल्या घोड्यावर बसवलं, कर्नलने त्याला खाली उतरवायचा हुकूम दिला, आणि ही बॅटरी माझ्याकडे आहे तोवर तो घोड्यावरच राहील असं ट्रुमननी सांगितलं. त्यांच्यासोबत पुढे चालायचे रेजिमेंटचे कॅथलिक पाद्री फादर टियर्नन. बॅप्टिस्ट कॅप्टन आणि कॅथलिक फादर रात्र रात्र बोलत चालायचे. दोघांचं मैत्र पुढे जन्मभर टिकलं.

२६ च्या पहाटे सगळी आघाडी एकदम पेटली. पहाटे चार ते सकाळी आठपर्यंत आपल्या बॅटरीने ३,००० गोळे टाकले असं ट्रुमननी लिहून ठेवलं आहे. मी हे गणित कागदावर मांडून पाहिलं. चार तोफा, चार तास: एका तोफेला मिनिटाला सरासरी तीन गोळे, सलग चार तास, मध्ये उसंत नाही. नळ्या इतक्या तापल्या की त्यांच्यावर ओली गोणपाटं टाकावी लागली, आणि त्यांतून वाफा निघत होत्या. प्रत्येक गोळा कोणीतरी उचलायचा, कोणीतरी फ्यूज लावायचा, कोणीतरी नळीत घालायचा, आणि रिकामं तापलेलं पितळी काडतूस बाहेर उडालं की पायाखालून बाजूला सारायचं. वर्षभरापूर्वी ही पोरं दुकानात आणि कचेरीत होती.

त्यांच्या पुढे ३५ व्या डिव्हिजनचं पायदळ आणि जॉर्ज पॅटन यांच्या ब्रिगेडचे रणगाडे होते. तोफांचा मारा ठरल्या वेळेने पुढे पुढे सरकवायचा आणि त्याच्या मागून पायदळाने चालायचं. वेळ चुकली तर आपलाच गोळा आपल्याच माणसावर.

कोर्टमार्शलची धमकी कशासाठी मिळाली?

दुसऱ्या दिवशी ट्रुमन पुढच्या ठाण्यावरून दुर्बिणीने पाहत होते. डाव्या हाताला नदीपलीकडे एक जर्मन बॅटरी येऊन मांडणी करू लागली. ती जागा त्यांच्या डिव्हिजनच्या हद्दीत नव्हती, शेजारच्या २८ व्या डिव्हिजनच्या हद्दीत होती. हुकूम स्पष्ट होता: आपल्या हद्दीबाहेर गोळा टाकायचा नाही. पण ती बॅटरी तिथून २८ व्या डिव्हिजनच्या माणसांना भाजून काढणार हे डोळ्यांना दिसत होतं. जर्मनांनी घोडे सोडून मागे नेईपर्यंत ट्रुमन थांबले, म्हणजे तोफा हलवता येऊ नयेत, आणि मग मारा केला. ती बॅटरी संपली.

रेजिमेंटचे कर्नल कार्ल क्लेम यांनी हद्द मोडल्याबद्दल कोर्टमार्शलची धमकी दिली. पुढे काही झालं नाही. हुकूम मोडणं मला एरवी रुचत नाही, पण इथे मी कॅप्टनच्या बाजूचा आहे. कमजोर नजरेचा म्हणून ज्याला भरतीच नाकारली गेली असती त्या माणसाने ती बॅटरी हेरली होती.

बॅटरीतले किती मेले?

ट्रुमनच्या हुकमाखाली तोफांवर लढताना एकही नाही. यात कॅप्टनचं कसब आहे आणि नशीबही आहे.

डिव्हिजनची कहाणी मात्र वेगळी आहे. सहा दिवसांत ३५ व्या डिव्हिजनचे सुमारे ७,००० जण मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले. तोफा मागे राहिल्या, पायदळ पुढे विस्कळीत झालं, निरोप पोहोचेनात. तिला काढून तिच्या जागी पहिली डिव्हिजन आणावी लागली.

म्हणजे राखीव सैन्य कमी पडलं, असं म्हणायचं का?

नियमित सैन्यातले बरेच अधिकारी तेव्हा असंच म्हणत होते. गार्डवाले म्हणत होते, आमचे ओळखीचे वरिष्ठ अधिकारी ऐन मोहिमेच्या तोंडावर काढून अनोळखी नियमित अधिकारी आणलेत, त्याने घात झाला. वाद इतका पेटला की १९१९ मध्ये अमेरिकी काँग्रेससमोर त्याच्यावर साक्षी झाल्या.

मला वाटतं दोन्ही बाजूंत तथ्य आहे. आठवड्याच्या एका संध्याकाळच्या कवायतीने डिव्हिजनएवढं मोठं यंत्र हलवता येत नाही. त्याला वर्षानुवर्षांचा सराव लागतो. पण ज्या माणसांची ताकदच एकमेकांच्या ओळखीत आहे, त्यांच्यावरची ओळखीची माणसं लढाईच्या आठवडाभर आधी बदलणं हा अविचार होता. बॅटरी डी टिकली, कारण तिला तिचा कॅप्टन अडीच महिने आधी मिळाला होता आणि भांडण, शिक्षा, शिव्या, समेट हे सगळं लढाईआधी उरकलं होतं.

शेवटचा गोळा कधी टाकला?

११ नोव्हेंबर १९१८, सकाळी पावणेअकरा, व्हर्दँजवळून. युद्ध अकराला थांबणार हे कॅप्टनला सकाळीच कळलं होतं. मारा चालू ठेवायचा हुकूम होता, तो त्यांनी पाळला. अकरा वाजता सगळीकडे एकदम शांतता पसरली. मग शेजारच्या फ्रेंच बॅटरीत दारू पिऊन जल्लोष सुरू झाला.

बॅटरीत कृष्णवर्णीय सैनिक होते का?

नाही. त्या वेळचं अमेरिकी सैन्य वर्णाप्रमाणे वेगळं ठेवलेलं होतं आणि ३५ वी डिव्हिजन गोऱ्यांची होती. हे लपवण्यात अर्थ नाही. ती भिंत पाडण्याचा हुकूम, कार्यकारी आदेश ९९८१, २६ जुलै १९४८ ला निघाला. त्याच्यावर सही होती बॅटरी डीच्या माजी कॅप्टनची.

युद्धानंतर ट्रुमन सैन्यातून बाहेर पडले का?

मे १९१९ मध्ये नियमित नोकरी संपली, राखीव नाही. ते राखीव अधिकारी म्हणून राहिले: १९२० मध्ये मेजर, १९२५ मध्ये लेफ्टनंट कर्नल, १९३२ मध्ये कर्नल. जवळजवळ दर उन्हाळ्यात दोन आठवडे कॅन्ससमधल्या फोर्ट रायलीसारख्या ठिकाणी शिबिराला जायचे. तिथे जुळलेल्या मैत्र्या अशा की त्यांच्यातले जॉन स्नायडर पुढे त्यांचे अर्थमंत्री झाले. १९४० मध्ये, ५६ व्या वर्षी, सिनेटर असताना ते लष्करप्रमुख जनरल मार्शल यांच्याकडे गेले आणि मला पुन्हा तोफखान्यात घ्या म्हणाले. मार्शलनी वय झालं म्हणून नकार दिला. पाच वर्षांनी तेच मार्शल ट्रुमनच्या हाताखाली आले.

बॅटरीमुळेच ते राजकारणात गेले, हे खरं का?

बऱ्याच अंशी. युद्धाहून आल्यावर त्यांनी आणि एडी जेकबसननी कॅन्सस सिटीत पुरुषांच्या कपड्यांचं दुकान टाकलं. बॅटरीची पोरं तिथे यायची, शर्ट घ्यायची, बसायची, उधारीही मागायची. १९२२ मध्ये मंदीने दुकान बुडालं. कर्ज ट्रुमननी बुडवलं नाही, कित्येक वर्षं फेडत राहिले. त्याच सुमाराला शहरातल्या राजकारणावर पकड असलेल्या पेंडरगास्ट घराण्याकडून काउंटीच्या निवडणुकीसाठी विचारणा झाली, कारण त्या घरातल्या जिमची आणि ट्रुमन यांची सैन्यातली ओळख होती. प्रचाराला उतरली ती बॅटरीची माणसं. पुढे १९३४ मध्ये सिनेट, मग उपराष्ट्राध्यक्षपद, मग सर्वोच्च पद.

पेंडरगास्ट मंडळींचं राजकारण स्वच्छ नव्हतं, टॉम पेंडरगास्ट पुढे करचुकवेगिरीत तुरुंगात गेले. गल्लीतल्या ओळखींची ही दुसरी बाजूही या इतिहासात आहे आणि ती वगळून लिहिणं बरोबर नाही.

आणि जेकबसन?

१३ मार्च १९४८. पॅलेस्टाइनच्या प्रश्नावर राष्ट्राध्यक्ष इतके वैतागले होते की त्यांनी ज्यू नेते खाईम वाइझमन यांना भेटायला नकार दिला होता. जेकबसन व्हाइट हाउसमध्ये गेले आणि कॅन्टीनमधल्या जुन्या जोडीदाराच्या हक्काने त्यांनी भेटीचा आग्रह धरला. ट्रुमन आधी चिडले, मग मानले. १४ मे १९४८ ला इस्राएल अस्तित्वात आल्यावर अकरा मिनिटांत अमेरिकेने त्याला मान्यता दिली. त्या निर्णयामागे आणखी कितीतरी कारणं होती. पण बंद दार उघडलं ते कॅम्प डॉनिफनच्या ओळखीने.

तोफखान्यातल्या अनुभवाचा अणुबॉम्बच्या निर्णयाशी संबंध जोडता येईल का?

हा प्रश्न हमखास येतो. अशी सरळ रेघ मी ओढणार नाही. एवढं मात्र खरं की पहिल्या महायुद्धात प्रत्यक्ष लढलेला अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष हा एकच. हिरोशिमा आणि नागासाकीत जे झालं त्याचा हिशोब बॅटरीच्या शौर्याने चुकता होत नाही, आणि या पोरांच्या चिखलातल्या रात्रींवर त्याचं ओझंही टाकू नये.

हे युनिट आज आहे का? पाहायला काय मिळतं?

१२९ व्या फील्ड आर्टिलरीचं नाव आजही मिसूरी नॅशनल गार्डमध्ये आहे. पहिल्या बटालियनचं मुख्यालय मेरीव्हिलला. इंडिपेंडन्स गावात ट्रुमन यांचं ग्रंथालय आणि संग्रहालय आहे, तिथेच अंगणात त्यांची समाधी. आणि कॅन्सस सिटीत पहिल्या महायुद्धाचं राष्ट्रीय संग्रहालय आहे. त्याच्या दारात काचेचा पूल लागतो आणि पायाखाली ९,००० लाल पॉपीची फुलं. एक फूल म्हणजे हजार मेलेले सैनिक. माझी नात त्या पुलावर धावत गेली, मला मात्र पाय उचलवेना. तिकडे नोकरीशिक्षणाला गेलेल्या मराठी मुलांनी एक सकाळ तरी काढून ते पाहावं.

बॅटरीची माणसं पुढे भेटत राहिली का?

दरवर्षी. सेंट पॅट्रिकच्या दिवशी आणि युद्धविरामाच्या दिवशी जमायची त्यांची रीत होती, आणि कॅप्टन जमेल तेव्हा यायचे. २० जानेवारी १९४९ ला ट्रुमन यांचा शपथविधी होता. त्या सकाळी ते वॉशिंग्टनच्या एका हॉटेलात बॅटरीच्या माणसांबरोबर न्याहारीला बसले आणि त्यांनी बजावलं की इथे मला कोणी मिस्टर प्रेसिडेंट म्हणायचं नाही, कॅप्टन हॅरी म्हणायचं. दुपारच्या मिरवणुकीत त्यांच्या मोटारीच्या दोन्ही बाजूंना ही माणसं दोन रांगा करून चालली. आता पन्नाशी उलटलेली, पोटं सुटलेली, दम लागणारी. प्रत्येकाच्या हातात एक काठी होती आणि पावलं मोटारीच्या वेगाशी जमवत त्यांनी सगळं अंतर पायी काटलं.